दहाव्या प्रश्नाचं उत्तर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पायऱ्या मोजत होता, आणि मी त्याचा आकडा चुकवला.

फेब्रुवारी होता. धुकं असं, की पुढचा माणूस आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. चीनमधल्या आमच्या छोंगछिंगमध्ये हिवाळाभर हेच. कागदांची पिशवी छातीशी धरून मी टेकडीवरचा तो लांबलचक जिना चढत होते. पायऱ्या ओल्या, मला उशीर झालेला, आणि पुढे कुणीतरी उंच माणूस एकेका पायरीवर थांबत, वरातीत चालावं तसा चालला होता. डावीकडून जाऊ देईना, उजवीकडून जाऊ देईना.

“अहो, सरका की जरा! जिना काय विकत घेतलाय?”

त्याने न वळता एक बोट वर केलं. थांबा, म्हणून. “दोनशे चौदा... दोनशे पंधरा...”

“दोनशे पंधरा काय?”

तो थांबला. वळला. दाढीवर धुक्याचे थेंब, नाक लाल, आणि डोळे हिरवट. परदेशी! मला वाटलं, आता इंग्रजीत काहीतरी गोड गोड म्हणेल. तर हा अस्सल आमच्या हमालांच्या बोलीत म्हणाला, “घातलास ना घोळ, बये! पंधरा झाल्या का सोळा?”

“मला काय माहीत? मी का मोजतेय?”

“झालं! आता पुन्हा पहिल्यापासून.”

आणि खरंच खाली निघाला की हो! चार पायऱ्यांत धुक्यात दिसेनासा झाला. मग खालून आवाज आला, “सावकाश जा हं!” आम्ही निरोप देताना म्हणतो, अगदी तसं.

“वेडा आहे,” मी मोठ्याने म्हणाले. ऐकू गेलं असावं, कारण खालून हसण्याचा आवाज आला.

माझं नाव लेइ शुमिन. २००१ सालची ही गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि इथल्या एका वर्तमानपत्रात दर बुधवारी ‘परदेशी शेजारी काय म्हणतात’ हे सदर सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे काय, तर आमचे संपादक यान साहेब दहा प्रश्न काढायचे आणि त्यांची उत्तरंही तेच लिहायचे. मी ती घेऊन परदेशी माणसाकडे जायचं, सही घ्यायची, फोटो काढायचा. “परदेशी लोक भिडस्त असतात, श्याओ लेइ,” म्हणजे ‘धाकटे लेइ’, साहेब म्हणायचे. “आपण शब्द सुचवायचे.” त्यामुळे जर्मन इंजिनीअर असो की घानाचा डॉक्टरकीचा विद्यार्थी, सगळ्यांना आमची माणसं दिलदार वाटायची, सगळ्यांना आमचं तिखट जेवण अविस्मरणीय वाटायचं, आणि ‘आमच्या शहरात किती दिवस राहायला आवडेल?’ या दहाव्या प्रश्नाला सगळे ‘जन्मभर’ म्हणायचे. त्यातले निम्मे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेलेले असायचे.

त्या दिवशीचा माणूस होता टेकडीवरच्या परदेशी भाषांच्या महाविद्यालयातला स्पॅनिशचा शिक्षक. फेर्मिन ओलावारिया, देश चिली. विद्यार्थी त्याला फेइ सर म्हणत. मी त्याच्या खोलीबाहेर पाऊण तास तिष्ठत उभी. शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि तीच ती दाढी वर आली.

“तुम्ही?” मी म्हणाले.

“तूच का ती?” मग त्याने जीभ चावली. “म्हणजे आपण. माफ करा. माझं चिनी अर्धं पुस्तकातलं आणि अर्धं कावडवाल्या हमालांचं. कुठलं कधी बाहेर पडेल, नेम नसतो.”

“मोजल्या का पायऱ्या?”

“कुठल्या! एकशे नव्वदावर एक आजी भेटल्या. पगार किती, लग्न झालंय का, एवढ्या पातळ पँटीत थंडी नाही वाजत का... उत्तरं देता देता आकडा गेला.”

“पण मोजायच्या कशाला?”

त्याने थर्मासमधलं गरम पाणी दोन मगांत ओतलं, एक माझ्या हातात दिला. “माझं गाव वाल्पाराइसो. सगळं टेकड्यांवर वसलेलं, तुमच्यासारखंच. पायऱ्यांवरच लहानाचा मोठा झालो. मग जिथे जाईन तिथला सगळ्यात लांब जिना मोजायचा, ही खोड लागली. लिस्बनला मोजला, जेनोव्हाला मोजला. आणि एकदा आकडा पक्का झाला ना, की...” त्याने खांदे उडवले. “की ते गाव संपल्यासारखं वाटतं. महिन्याभरात सामान बांधतो.”

“बरं आहे. घरमालकाला आधी कळत तरी असेल,” मी म्हणाले आणि कागद पुढे केले. “इथे सही करा.”

तो वाचायला लागला. भुवया वर वर जायला लागल्या.

“‘नदीकाठची भरभराट पाहून मला रोज सकाळी नवी उमेद येते.’ हे मी कधी म्हणालो?”

“अजून म्हणाला नाहीत. सही केलीत की म्हणाल्यासारखं होईल.”

तो इतका हसला की गरम पाणी सांडलं. माझंही हसू फुटलं, पण मी ते दाबलं. मी कामावर होते. मग त्याने कागद उलटा केला आणि म्हणाला, “लिहा. खरं काय ते सांगतो.” आणि त्याने सांगितलं: तुमच्याकडे लोक झोपायच्या कपड्यांत बाजाराला जातात, हे मला फार आवडतं. घरी माझ्या आईने पाहिलं असतं तर तिने दार लावून घेतलं असतं. तुमच्याकडे उन्हाळ्यातही गरम पाणी पितात, त्याचं कारण मला अकरा जणांनी अकरा सांगितलं. छोंगछिंगचे लोक बोलतात तेव्हा भांडताहेत असं वाटतं, आणि भांडतात तेव्हा आता एकत्र जेवायला बसतील असं वाटतं.

दहाव्या प्रश्नाशी आला तेव्हा त्याने ‘जन्मभर’वर रेघ मारली.

“हे मात्र फार मोठं झालं. माझा करार जूनपर्यंतचा. रिकामं ठेवू या, सुचलं की सांगतो.”

“रिकामं चालत नाही.”

“मग तुम्हाला पुन्हा यावं लागेल.” तो शेवटचा कागद स्वतःच्या खिशात घालत हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. थंडीने झाले असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

यान साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. “झोपायचे कपडे? हे छापायचं?” पण त्या आठवड्यात एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि जागा भरायची होती. छापलं. चार दिवसांत चाळीस पत्रं आली! एका काकांनी गरम पाण्याचं बारावं कारण कळवलं. एका बाईंनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं. साहेब पत्रांचा गठ्ठा हातात तोलत म्हणाले, “श्याओ लेइ, ह्याला दर आठवड्याला घ्या. दहावा प्रश्न मात्र राखून ठेवा. शेवटी टाकू.”

अशा आमच्या गाठीभेटी सुरू झाल्या. जागा ठरलेली: जिन्याच्या मध्यावरची नूडल्सची टपरी. तिथे उंच स्टूल म्हणजे टेबल आणि बुटकं स्टूल म्हणजे खुर्ची, त्यामुळे फेइ सरांचे गुडघे कायम कानाशी. आमच्या नूडल्समध्ये तिरफळं असतात. एखादं दाताखाली आलं की जीभ बधिर होते, आणि हा बिचारा तोंड उघडं टाकून बसायचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मीच खायच्या काडीने त्याच्या वाडग्यातली तिरफळं वेचून बाजूला काढली, काय करणार! मुलाखत घ्यायची तर माणसाची जीभ चालायला हवी. एप्रिलपर्यंत त्याला सवय झाली. तरी तो वाडगा माझ्यापुढे सरकवायचाच. मीही वेचत राहिले.

“आज काय खटकलं?” मी वही उघडून विचारायची.

“आज कुणीच भांडलं नाही माझ्याशी. एकटं एकटं वाटलं.”

“इकडे बघा. मी आहे.”

“तेच म्हणतो,” तो म्हणायचा, आणि मग दोघंही वाडग्यात बघायचो.

अधूनमधून पायऱ्या मोजायचा प्रयत्न व्हायचा. मी बरोबर असले की तो शंभराच्या आतच चुकायचा. कधी मी काही विचारायची, कधी कावडवाला “पाठ सांभाळा!” ओरडत यायचा, आणि एकदा तर मी नुसती ठेचकाळले. त्याने माझा कोपर धरला. धरला तो पुढच्या वीस पायऱ्या सोडलाच नाही. “किती झाल्या?” मी विचारलं. “काय किती?” तो म्हणाला. हातातली उष्णता मला आठवते, बाकी त्या दिवशी आम्ही काय बोललो ते काही केल्या आठवत नाही.

मे महिन्यात आईने त्याला जेवायला बोलावलं. माझी आई सूतगिरणीत तीस वर्षं काम केलेली बाई, आवाज यंत्रांच्या वर जाणारा. ती वाढत होती आणि हा प्रत्येक घासाला “आभारी आहे, आभारी आहे” करत होता. माशाला आभार, भाताला आभार, लोणच्याला आभार. आईने डाव खाली ठेवला.

“शुमिन, हा काय हॉटेलात आलाय?”

मी त्याला हळूच सांगितलं, “घरातल्या माणसांचे आभार मानत नसतात. परकेपणा वाटतो.”

मग त्याने रिकामी वाटी आईपुढे धरली आणि हमालांच्या बोलीत म्हणाला, “वाढ की, मावशे!” आई दचकली. मग अशी हसली की शेजारचे माहजोंगचा खेळ टाकून खिडकीत आले.

तो गेल्यावर मात्र भांडी विसळता विसळता तिने विषय काढलाच. “माणूस चांगला आहे. पण जूनमध्ये जाणार ना हा?”

“मला काय त्याचं? माझं काम मुलाखतीपुरतं.”

“तीन महिने एकाच माणसाची मुलाखत? एवढं काय विचारतेस गं?”

मी ताट पुसत राहिले. ते कधीचंच कोरडं झालं होतं.

खरं सांगायचं तर मला तो राहायला हवा होता. हे मला तेव्हाच, त्या ताटाशीच कळलं. पण मी छोंगछिंगची. आम्ही बाजारात कोथिंबिरीच्या काडीवरून तासभर भांडू, पण ‘थांब, जाऊ नकोस’ असं म्हणायची वेळ आली की आमची वाचा बसते. शिवाय माझ्याकडे दोन वर्षांच्या सह्या होत्या. सगळ्यांनी ‘जन्मभर’वर सही केली होती, आणि निम्मे गेलेही होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नूडल्स खाताना त्याने खिशातून एक लिफाफा काढला. “कॉलेज आणखी तीन वर्षांचा करार देतंय. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सही करून द्यायचाय. नाहीतर माझी जागा दुसऱ्याला.”

“आणि?”

“आणि घरून ताईचं पत्र आलंय. तिकडच्या शाळेत जागा निघाली आहे. समुद्र दिसतो वर्गातून.” तो काडीने रस्सा ढवळत राहिला. “तुम्हाला काय वाटतं?”

आता बघा. प्रश्न सरळ होता. एका शब्दात उत्तर देता आलं असतं. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, “समुद्राची हवा छान असते.”

त्याने मान हलवली. “हो. छान असते.” लिफाफा परत खिशात गेला. मग उठता उठता थांबला. “गुरुवारी साडेपाचला तुमच्या वर्तमानपत्राच्या इमारतीशी येतो. रस्त्यावरच्या दारात भेटा. दहाव्याचं उत्तर तेव्हा देईन. पण...”

“पण काय?”

“आलात तरच. नाही आलात तर समजेन, की ते उत्तर फक्त सदरासाठी हवं होतं.”

“येईन,” मी म्हणाले. “रस्त्यावरच्या दारात. साडेपाच.”

गुरुवारी सकाळपासून माझं एकाही बातमीत लक्ष नव्हतं. मी ठरवलं होतं. तो काही बोलायच्या आत मीच बोलणार: राहा. एवढंच. दुपारभर तो एक शब्द मी मनात घोकला. पाच वाजून वीस मिनिटांनी केस विंचरले आणि रस्त्यावरच्या दारात जाऊन उभी राहिले.

पावणेसहा झाले. सहा झाले. बारीक पाऊस सुरू झाला, मी छत्री उघडली. दारासमोरून बस गेल्या, टोपल्या गेल्या, हातात हात घालून एक म्हातारं जोडपं गेलं. साडेसहाला माझी मैत्रीण घरी जाताना म्हणाली, “अजून इथेच?” मी म्हणाले, “पाऊस थांबायची वाट बघतेय.” हातात छत्री उघडी! मोबाइल तेव्हा आमच्याकडे फक्त यान साहेबांपाशी होता, आणि मी काही त्यांच्या मोबाइलवरून कुणाच्या मागे लागणारी नव्हते. साडेसातला मी छत्री मिटली आणि भिजत घरी गेले.

म्हणजे समुद्र. ठीक आहे. घरी आईने माझा चेहरा बघितला आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. त्याचंच मला जास्त रडू आलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता लाओ ख्वांग कागदाचे गठ्ठे घेऊन आमच्या कचेरीत आला. लाओ ख्वांग म्हणजे आमच्या इमारतीचा ठरलेला कावडवाला. फेर्मिनला हमालांची बोली शिकवली ती ह्यानेच. त्याने कावड उतरवली, घाम पुसला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच चोर.

“पोरी, तू असली असशील असं वाटलं नव्हतं.”

“मी काय केलं?”

“काय केलं! काल तो आमचा फेइ दोन तास माझ्या शेजारी पायरीवर बसून होता. नवा शर्ट घालून! पावसात! वर चौकीदाराला फोन करून विचारलंन, तर तो म्हणाला, लेइ बाई कधीच बाहेर पडल्या. तोंड एवढंसं झालं त्याचं. मी म्हटलं, चल, नूडल्स खा. तर म्हणे भूक नाही.”

“कुठे? कुठे बसला होता?”

“कुठे म्हणजे? दारात. रस्त्यावरच्या.”

“पण रस्त्यावरच्या दारात तर मी...”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

आमची इमारत डोंगराला टेकून उभी आहे. पहिल्या मजल्याचं दार उघडतं नदीकाठच्या रस्त्यावर. नवव्या मजल्याचं दार उघडतं वरच्या रस्त्यावर. दोन्ही रस्ते खरे, दोन्हींवर बस धावतात, दोन्हींवर भाजीवाले बसतात. आमची कचेरी सहाव्या मजल्यावर, आणि माझं घर वरच्या अंगाला. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून मी ‘घरी जायला’ तीन मजले चढत आले, आणि माझ्यासाठी रस्त्यावरचं दार म्हणजे नववा मजला. दुसरं असतं हे डोक्यातच येत नाही. आणि तो? तो रोपवेने नदी ओलांडून खालच्या रस्त्याने येणारा. दोन वर्षांत इतक्या परदेशी लोकांना मीच बजावलं होतं, ‘इथे पत्ता घेताना मजला विचारा!’ ह्यालाच तेवढं सांगितलं नाही. आणि तो वाल्पाराइसोचा, पायऱ्यांवर वाढलेला! तो कसला विचारतोय!

दोन तास आम्ही एकाच इमारतीच्या दारात एकमेकांची वाट बघत उभे होतो. मध्ये आठ मजले.

“किती वाजले?”

“अकरा वाजून दहा,” लाओ ख्वांग म्हणाला. “अगं, पर्स तरी घे!”

पर्स नाही, छत्री नाही. आठ... नव्हे, पाच मजले खाली धावले, खालच्या दारातून रोपवेपर्यंत धावले, आणि रांगेत मी अशी घुसले की एक बाई ओरडली, “लग्नाचा मुहूर्त चुकतोय का काय?” “तसंच समजा!” मी ओरडले, आणि मला जागा मिळाली. आमची माणसं तशी दिलदार आहेत, यान साहेब काही अगदीच खोटं लिहीत नसत.

नदी ओलांडायला पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी लागली पाच तास.

जिन्याच्या पायथ्याशी आले तेव्हा साडेअकरा होत आले होते. धुकं नव्हतं, जूनचं स्वच्छ आभाळ होतं, आणि वरपर्यंत सगळा जिना दिसत होता. वर, अगदी वर, जवळजवळ टोकाशी एक उंच माणूस एकेका पायरीवर थांबत चढत होता. त्याला घाई नव्हती. आज त्याच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं.

तो मोजत होता. आणि ह्या वेळी त्याचं मोजून होत आलं होतं.

मी धावायला लागले. तोंडाला फेस आला तरी तो तिथेच, तेवढाच लांब. आता वीस-पंचवीस पायऱ्या राहिल्या असतील त्याच्या. मी पोहोचणार नव्हते, हे मला दिसत होतं. मग मी मध्येच उभी राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आईच्या सूतगिरणीच्या आवाजात ओरडले,

“चारशे बारा!”

तो थबकला.

“एकोणीस! सत्त्याण्णव! दोनशे तीन! छप्पन्न!”

जिन्यावरची सगळी माणसं थांबली. टपरीवाल्या मावशी झारा घेऊन बाहेर आल्या. वरून तो वळला. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण दोन्ही हात हवेत गेले तेवढे दिसले. “बये! पुन्हा?”

“नववा मजला!” मी ओरडत चढत होते. “मी नवव्या मजल्यावर होते! वरच्या रस्त्याच्या दारात! दोन तास!”

तो तसाच उभा राहिला. मग धाडधाड उतरायला लागला, दोन-दोन पायऱ्या एकदम. टपरीशी येऊन थांबला. डोळे सुजलेले होते. माझेही असणारच.

“दोन... दारं?” तो म्हणाला.

“दोन.”

“आणि मी सगळ्यांना सांगत फिरतो की डोंगरातलं गाव मला कुणी शिकवायचं नाही.”

“मूर्ख आहेस तू,” मी म्हणाले. पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाले आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. “आणि मी त्याहून. मला सांगायचं होतं... मला समुद्राची हवा आवडत नाही. म्हणजे मी पाहिलेलाच नाही समुद्र. तू जायचं नाहीस. राहा. इथे. माझ्यासाठी राहा. बस, एवढंच म्हणायचं होतं.”

सगळा जिना ऐकत होता. कुणीतरी खाकरलं. मग फेर्मिनने शर्टाच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझाच कागद होता, दहा प्रश्नांचा, कालच्या पावसाने कडा विरघळलेला. ‘आमच्या शहरात किती दिवस राहायला आवडेल?’ आणि त्याखाली, लहान मुलासारख्या त्याच्या अक्षरात:

‘ह्या जिन्याच्या पायऱ्या मोजून होईपर्यंत.’

“काल लिहिलं होतं,” तो म्हणाला. “खालच्या दाराशी बसून. आणि आज म्हटलं, मोजूनच टाकावं.”

“किती राहिल्या होत्या?”

“बावीस. दिसत होत्या सगळ्या.”

मला रडू फुटलं, ते थांबेना. त्याने माझे डोळे पुसले, कशाने, तर टपरीवरच्या कागदी रुमालाने, ज्याला तिखट लागलं होतं. मग काय, आणखीच रडू! मावशी झारा उगारून ओरडल्या, “अरे, बारा वाजायला आले! कॉलेजात कागद द्यायचाय ना? मला सगळं माहीत आहे, तुम्ही माझ्याच टपरीवर बोलता!”

आम्ही धावलो. बाराला चार मिनिटं कमी असताना त्याने करारावर सही केली. कारकुनाने शिक्का मारताना विचारलं, “फेइ सर, एवढे घामाघूम?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “पायऱ्या फार आहेत.”

पुढच्या बुधवारी यान साहेबांनी ते दहावं उत्तर छापलं. “ह्याचा अर्थ काय?” त्यांनी मला विचारलं होतं. “स्पॅनिश विनोद असेल, साहेब,” मी म्हणाले.

ह्याला आता तेवीस वर्षं झाली. तो तीन वर्षांचा करार कधीच संपला, नंतरचेही संपले. आई त्याच्या ताटात अजूनही न विचारता वाढते आणि तो अजूनही आभार मानत नाही. समुद्र मी पाहिला, त्याच्या वाल्पाराइसोत, दोनदा. हवा छान असते. दोन्ही वेळा परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

आणि अजूनही एखाद्या रविवारी, गुडघे बरे असले की, तो म्हणतो, “आज मोजतोच.” मी त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं करते आणि मागे मागे चढत जाते. शंभरापर्यंत गप्प राहते, दीडशेपर्यंत गप्प राहते. दोनशे चौदाला हळूच विचारते,

“का रे, गॅस बंद केला होतास ना?”